जत्रेपूर्वी नवा एचडी कॅमेरा घ्यावा का? कोकणातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दिवाळी सरते आणि जत्रांच्या तारखा कळू लागतात, तेव्हा गावातील एखादा तरी तरुण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो. कोणाकडे मुंबईच्या काकांनी दिलेला कॅसेटचा जुना हँडीकॅम असतो, कोणाकडे पंधरा वर्षांपूर्वीचा एचडी कॅमेरा असतो आणि बहुतेकांकडे फक्त मोबाइल असतो. नवा एचडी किंवा फोरके कॅमेरा घ्यावा की आहे त्यावर भागवावे, हे मात्र सर्वांनाच विचारायचे असते. याचे उत्तर दुकानात मिळत नाही, कारण आपण काय टिपणार, कोणत्या उजेडात टिपणार आणि ते कोण कशावर पाहणार, हे दुकानदाराला ठाऊक नसते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी, आपल्या कामात चित्र नेमके कोठे बिघडते ते शोधावे. कॅमेऱ्यामुळे बिघडत असेल तर कॅमेरा बदलावा. उजेडामुळे, आवाजामुळे किंवा साठवणीमुळे बिघडत असेल तर नवा कॅमेराही तेच बिघडलेले चित्र अधिक स्पष्टपणे दाखवील.

पायरी १ : कोण, कशावर पाहणार?

चित्राची स्पष्टता बिंदूंच्या संख्येत मोजतात. आपल्याकडील ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या डिजिटल कॅसेट कॅमेऱ्याचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, फुल एचडीचे १९२० बाय १०८० बिंदूंचे आणि घरगुती फोरकेचे ३८४० बाय २१६० बिंदूंचे असते. गुणाकार करून पाहिला तर फुल एचडीत जुन्या चित्राच्या बरोबर पाचपट आणि फोरकेत फुल एचडीच्या चौपट बिंदू भरतात. खोक्यावर हे आकडे ठळक छापलेले असतात, परंतु त्यांतले किती डोळ्याला दिसणार हे पडद्याची रुंदी आणि बसण्याचे अंतर यांवर ठरते.

निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखता येतो. त्या हिशेबाने ३२ इंची टीव्हीवर जुने चित्र आणि फुल एचडी यांतील फरक सुमारे ११ फुटांच्या आत बसणाऱ्याला कळतो, पण फुल एचडी आणि फोरके यांतील फरक कळण्यासाठी त्याच टीव्हीपासून ४ फुटांवर येऊन बसावे लागते. ४३ इंची टीव्हीसाठी हीच अंतरे अनुक्रमे सुमारे १५ फूट आणि साडेपाच फूट येतात. आपल्या माजघरात भिंतीवरचा टीव्ही आणि समोरच्या खुर्च्या यांत बहुधा ८ ते १० फूट अंतर असते, म्हणजे तेथे कॅसेटवरून एचडीवर जाण्याचा लाभ सर्वांना दिसेल आणि एचडीवरून फोरकेवर जाण्याचा लाभ कोणालाही दिसणार नाही. मंडळाने देवळासमोर १० फूट रुंद पडदा लावला तर गोष्ट बदलते. तेथे १८ फुटांच्या आत बसलेल्यांना फोरकेचा बारकावा जाणवू शकतो, अर्थात प्रोजेक्टरही फोरके असेल तर.

मुंबईत, पुण्यात किंवा आखातात असलेला चाकरमानी गावची पालखी बहुधा मोबाइलवर पाहतो. त्याच्यासाठी फुल एचडी पुरेसे आहे.

तरीही एकट्याने चित्रीकरण करणाऱ्याला फोरकेचा एक खरा उपयोग आहे. नमन-खेळ्यांत किंवा जाखडीत संपूर्ण रिंगण एकाच चौकटीत घेऊन कॅमेरा स्थिर ठेवला आणि अंतिम चित्रफीत फुल एचडीत काढली, तर एडिटिंग करताना चौकटीतील पाव भाग कापून दुप्पट जवळचे दृश्य मिळवता येते आणि तरीही एक बिंदू वाया जात नाही. एका कॅमेऱ्यातून दोन कॅमेऱ्यांचा आभास त्यामुळे निर्माण होतो. आपले काम अशा प्रकारचे असेल तर फोरके जरूर विचारात घ्यावे. नसेल तर त्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

पायरी २ : हाती असलेले यंत्र नीट तपासावे

नव्याचा विचार करण्यापूर्वी जुन्या कॅमेऱ्याचा मेनू उघडून पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण ‘चित्र अंधुक येते’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कॅमेऱ्यांपैकी काही केवळ चुकीच्या सेटिंगवर चालत होते. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या अनेक कॅमेऱ्यांत दर्जाच्या तीन-चार पातळ्या असतात. सर्वात वरची पातळी सेकंदाला २४ मेगाबिट नोंदवते आणि सर्वात खालची अवघी ५ मेगाबिटच्या आसपास. कार्ड लवकर भरू नये म्हणून कोणीतरी कधीकाळी खालची पातळी लावून ठेवतो आणि पुढे सगळे तिच्यावरच चालते. पातळी वर न्यावी, डिजिटल झूम बंद करावा, लेन्स स्वच्छ करावी आणि मग एक संध्याकाळ चित्रीकरण करून पाहावे.

कॅसेटचा कॅमेरा असेल तर दोन मर्यादा सेटिंगने जात नाहीत. पहिली म्हणजे अशा बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट जुन्या टीव्हीच्या आकाराची असते, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. दुसरी म्हणजे हा कॅमेरा प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत नोंदवतो. जुन्या टीव्हीला ते मानवत असे, परंतु आजच्या टीव्हीवर किंवा संगणकावर पालखी वेगाने नाचू लागली की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. शिमग्याची पालखी, ढोलावरचे हात, लाटांवर उसळणारी होडी हे आपले मुख्य विषय असतील, तर सेकंदाला ५० पूर्ण चित्रे नोंदवणारा एचडी कॅमेरा घेण्यास हे कारण पुरेसे आहे.

मोबाइलबद्दलही सांगतो. दिवसाउजेडी, जवळून टिपण्यासाठी चांगला मोबाइल आजही एखाद्या जुन्या कॅमेऱ्याला हरवतो. त्याची अडचण दूरचे दृश्य ओढताना आणि रात्री येते. शिवाय अनेक मोबाइल सेकंदाची चित्रसंख्या स्वतःच कमी-जास्त करत राहतात, त्यामुळे वेगळ्या यंत्रावर नोंदवलेला आवाज पुढे पुढे चित्राशी जुळेनासा होतो.

पायरी ३ : उजेडाचा हिशेब

कोकणात कॅमेऱ्याची खरी परीक्षा रात्री होते. जत्रेतला दशावतार पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. एकेकाळी पेट्रोमॅक्सच्या उजेडात वावरणारी सोंगे आता हॅलोजनच्या किंवा एलईडीच्या झोतात वावरतात, तरी त्या एक-दोन झोतांच्या पलीकडे काळोखच असतो. राजाचा भरजरी पोशाख झगझगीत पांढरा पडतो आणि बाजूला बसलेले पेटीवाले व मृदंगवाले अंधारात बुडून जातात. येथे बिंदूंची संख्या उपयोगी पडत नाही, उलट नडते. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, तेवढाच ठेवून त्यावर पाचपट बिंदू बसवले तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. एकाच कुणग्यातल्या भाताचे पाच वाटे घातले तर प्रत्येकाच्या पदरात कमीच पडणार. पहिल्या पिढीतील अनेक एचडी कॅमेरे त्यांच्याच वर्गातील जुन्या कॅसेट कॅमेऱ्यांपेक्षा अंधारात कमी पाहत, त्याचे एक मोठे कारण हेच होते. नंतरच्या सेन्सरांनी ही उणीव बरीच भरून काढली, पण हिशेब बदललेला नाही.

म्हणून खरेदी करताना बिंदूंच्या आधी सेन्सरचा आकार विचारावा. स्वस्त कॅमेऱ्यांत आढळणारा १/२.३ इंच वर्गातील सेन्सर सुमारे ६ मिलिमीटर रुंद असतो, तर ‘१ इंच’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. तो नावाइतका मोठा नाही, तरी पहिल्याच्या जवळजवळ चौपट क्षेत्रफळाचा आहे. त्यानंतर लेन्सवरील एफचा आकडा पाहावा. हा आकडा जितका लहान तितका उजेड अधिक आत येतो; एफ १.८ ची लेन्स एफ ३.५ च्या लेन्सपेक्षा जवळजवळ चौपट उजेड घेते. पुष्कळ लेन्सवर हे दोन आकडे दिलेले असतात, त्यांतील दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा असतो. सभामंडपाच्या मागच्या टोकाला उभे राहून झूम करणाऱ्याने दुसराच आकडा खरा मानावा.

उजेड कमी पडला की कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे सेन्सरकडून आलेला क्षीण संकेत फुगवतो. प्रत्येक ६ डेसिबलला संकेत दुप्पट होतो, पण त्याबरोबर चित्रातले दाणेही वाढतात. १८ डेसिबलवर घेतलेले फोरके चित्र नीट उजेडात घेतलेल्या साध्या एचडी चित्रापुढे फिके दिसते, हे मी एकाच रात्री दोन कॅमेरे शेजारी ठेवून पाहिले आहे. दशावतारी मंडळाशी आणि देवस्थानच्या मानकऱ्यांशी आधी बोलून, कलाकारांच्या डोळ्यांवर येणार नाही असा एक जास्तीचा मऊ दिवा बाजूने लावता आला, तर जुन्या कॅमेऱ्याचेही चित्र सुधारते, आणि त्या दिव्याचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या तुलनेत नगण्य असतो.

चित्र लुकलुकण्याची तक्रार मात्र उजेडाच्या प्रमाणामुळे नसते. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतात. शटर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले तर ते जाणवत नाही. १/६० वर ठेवले तर पट्टे सरकताना दिसू शकतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा मूळचा ६० हर्ट्‌झच्या देशासाठी बनवलेला असतो, म्हणून त्यात २५ आणि ५० चित्रांची सोय आहे की नाही हे आणण्यापूर्वीच विचारून घ्यावे. त्याची वॉरंटी येथे चालेल, हेही गृहीत धरू नये.

पायरी ४ : किती वेळ सलग चालायचे आहे?

हल्ली अनेकजण कॅमकॉर्डर, म्हणजे खास चित्रीकरणाचा कॅमेरा, सोडून फोटो काढण्याचा मिररलेस कॅमेराच चित्रीकरणासाठी घेतात. त्याचा सेन्सर मोठा असतो, लेन्स बदलता येते आणि रात्रीचे चित्र सुंदर येते. परंतु अशा अनेक जुन्या कॅमेऱ्यांत एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदांहून अधिक नोंद होत नाही. युरोपातील जकातीच्या नियमात यापेक्षा अधिक वेळ नोंदवणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरत असे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. नव्या कॅमेऱ्यांतून ती पुष्कळशी गेली आहे, तरी फोरकेवर सलग चालवताना यंत्र तापून बंद पडण्याचा धोका राहतो, आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात तो अधिक असतो. एका जत्रेत मी उसना घेतलेला असा कॅमेरा लावून मृदंगाच्या तालात इतका रमलो, की युद्धाच्या प्रवेशात तो मुकाट्याने थांबला आणि मला ते दहा मिनिटांनी कळले. दहा मिनिटांत दोन राक्षस मेले होते.

सबब, रात्रभराचे नाटक, लग्नाचे विधी किंवा भजनाची बारी हे मुख्य काम असेल तर कॅमकॉर्डर बरा. त्याला एकच लेन्स दूरपर्यंत पुरते आणि अडॅप्टरवर तो तासन्‌तास चालतो. निसर्ग, माणसे, किनारा, लहान लहान प्रसंग टिपायचे असतील तर मिररलेस घ्यावा. वीज जाण्याची सवय आपल्याला आहेच, तरी भरलेल्या दोन जास्तीच्या बॅटऱ्या खर्चात आधीच धराव्यात.

पायरी ५ : आवाज आणि ट्रायपॉड

कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावण्याची खाच नसेल तर तो घेऊ नये. दशावतारात ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून एक वायर घेता आली तर संवाद स्वच्छ येतात. किनाऱ्यावर फरचे वारारोधक कव्हर नसलेला माइक फक्त वारा नोंदवतो. ट्रायपॉड जड घ्यावा. यावर याहून अधिक सांगण्यासारखे नाही, तरीही लोक या दोन गोष्टींवरच काटकसर करतात.

पायरी ६ : साठवण, संगणक आणि इंटरनेट

येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. कॅसेटवरील एक तास संगणकावर सुमारे १३ गिगाबाइट जागा घेतो. सेकंदाला २४ मेगाबिटच्या फुल एचडीचा एक तास १०.८ गिगाबाइट घेतो, म्हणजे जुन्या चित्राहून कमीच. कारण एचडीची माहिती अधिक दाबून भरलेली असते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोरकेचा एक तास मात्र ४५ गिगाबाइट घेतो. शिमग्यात पाच दिवस रोज तीन तास चित्रीकरण केले, तर फुल एचडीला १६२ आणि फोरकेला ६७५ गिगाबाइट लागतात. दोन प्रती ठेवायच्या म्हटल्या की फोरकेचा आकडा १.३५ टेराबाइटवर जातो, आणि हा एकाच सणाचा हिशेब झाला.

दुसरी प्रत ठेवणे ही चैन समजू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुराने घरे आणि दुकाने यांची काय अवस्था झाली, ते आपण पाहिले आहे. एक प्रत घरात उंचावर आणि दुसरी मुंबईतल्या चाकरमानी भावाकडे, ही व्यवस्था मला सर्वांत बिनखर्ची वाटते, कारण गणपतीला येताना डिस्क आणणे आणि जाताना नेणे त्याला जड नसते.

दाबून भरलेली माहिती उलगडण्याचे कष्ट संगणकाला पडतात. ज्या संगणकावर कॅसेटचे फुटेज सहज चालत असे, त्यावर आकाराने लहान असलेले एचडी फुटेज अडखळू शकते, आणि एच.२६५ या आणखी दाबून भरणाऱ्या पद्धतीचे फोरके फुटेज तर जुन्या संगणकाला अजिबात पेलवत नाही. हलक्या दर्जाची तात्पुरती प्रत, म्हणजे प्रॉक्सी, करून त्यावर काम करणे हा उपाय आहे. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरांत ती सोय मिळते. नवशिक्याने मित्राकडून नमुन्याची फाइल आणून ती आपल्या संगणकावर आधी चालवून पाहावी. नवा संगणकही घ्यावा लागणार असेल तर खरी किंमत तेव्हाच कळते.

कार्ड घेताना त्यावर व्ही३० किंवा यू३ ही खूण पाहावी. तिचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असा आहे, आणि १०० मेगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या, फोरकेला ती पुरून उरते. इंटरनेटचा वेग चढवण्याच्या दिशेने सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर फोरकेचा मूळ एक तास चढवायला १० तास लागतील. तोच तास यूट्यूबने फुल एचडीसाठी सुचवलेल्या ८ मेगाबिटच्या दराने तयार केला तर पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो.

पायरी ७ : खारा वारा आणि दमट हवा

घाटावरच्या माणसाला न पडणारा हा खर्च आहे. पावसाळ्यात बंद चामडी पिशवीत ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात आणि ते लेन्सच्या मुलाम्याला कायमचे खातात. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे विजेचे कपाट परवडत नसेल, तर रबरी कडेचा हवाबंद डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल पुरते. रंग बदलला की जेल तापवून कोरडी करावी आणि पुन्हा वापरावी. ओला कॅमेरा मात्र डब्यात कोंडू नये.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव टिपून किंवा तारकर्लीच्या वाळूतून घरी आल्यावर आधी हवेच्या फुग्याने वाळू उडवावी, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचे अंग पुसावे आणि लगेच कोरडे करावे. वाळू असताना लेन्स पुसली तर ओरखडे कायमचे राहतात. वातानुकूलित गाडीतून किंवा सभागृहातून थेट बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढल्यास आतबाहेर दव धरते. त्यासाठी तो प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवून बाहेर आणावा आणि त्याचे तापमान हवेशी जुळेपर्यंत पिशवी उघडू नये. कॅसेटचा कॅमेरा अशा वेळी दवाची सूचना देऊन चालायलाच नकार देतो. ते त्याचे शहाणपण समजावे.

पायरी ८ : भाड्याने आणून पाहावे, मग ठरवावे

लग्नाचे चित्रीकरण करणारे अनेक व्यावसायिक कॅमेरे भाड्याने देतात. मनात भरलेला प्रकार खरेदीपूर्वी एका जत्रेला किंवा घरच्या आरतीला भाड्याने आणावा आणि जुना कॅमेरा त्याच ट्रायपॉडच्या शेजारी उभा करून दोन्हींनी तेच दृश्य टिपावे. मग ते फुटेज कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर न पाहता माजघरातल्या टीव्हीवर, नेहमीच्या खुर्चीवरून पाहावे आणि घरच्या कोणाला कोणते चित्र कशाचे ते न सांगता विचारावे. आजीला फरक कळला तर कॅमेरा घ्यावा. कळला नाही तर तो पैसा माइक, दिवा आणि दोन डिस्क यांत घालावा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचार करावा.

नवा कॅमेरा घेण्याचे ठरले, तरी कॅसेटचा जुना कॅमेरा लगेच देऊन टाकू नये. घरातल्या कॅसेट चालवणारे यंत्र बहुधा तेच एक उरलेले असते. डिजिटल कॅसेटवरील माहिती फायरवायरच्या केबलने संगणकावर जशीच्या तशी उतरते, दर्जा तसूभरही घटत नाही. एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतो, इतकेच. नव्या टीव्हीवर मोठे करून दाखवल्याने ते चित्र एचडी होणार नाही, परंतु आजोबांच्या हातची गणपतीची पूजा त्यातच आहे. ज्या कॅसेटच्या फितीच्या कडेला पांढरी पूड किंवा ठिपके दिसतील, ती मात्र कॅमेऱ्यात घालू नये. ती बुरशी फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. अशा कॅसेट वेगळ्या काढून जाणकाराकडून स्वच्छ करून घ्याव्यात, आणि बाकीच्या उतरवून झाल्यावर मगच कॅमेऱ्याला गिऱ्हाईक पाहावे.